सारोळा रोडला क्रॉसिंग

रिकाम्या मालगाडीचा आवाज भरलेल्या गाडीहून वेगळा असतो. भरलेली गाडी जमिनीला दाबत जाते. तिचा आवाज तळपायांतून वर चढतो. रिकामी गाडी आतून वाजते... लोखंडाच्या प्रचंड रांजणांवर कुणी मुठी आपटत जावं तशी. एक डबा गेला की क्षणभर फट, त्या फटीतून ऊन, आणि पुन्हा पुढच्या डब्याचा पोकळ आघात. नांदेडच्या आमच्या घरापासून रूळ बरेच लांब आहेत. पण वारा फिरला की एखाद्या दुपारी तो आवाज येतो, आणि मी हातातलं काम खाली ठेवून माझी लेक जुई कुठे आहे ते बघून येते.

या सदरातले गूढ अनुभव मी आजवर वाचले ते भाषेच्या ओढीनं, विश्वासानं नव्हे. मी महाविद्यालयात कविता शिकवते. न दिसणाऱ्या गोष्टींविषयी बोलणं हा माझा पोटापाण्याचा उद्योगच आहे, पण त्या कागदावर राहतात तोवरच. आमच्या देवघरात दिवा लागतो. त्यापलीकडे माझी श्रद्धा कधी गेली नाही. चकवा लागलेली माणसं मला वाट चुकलेली वाटत आणि अंगात येणाऱ्या बायका दमलेल्या. माझे यजमान विद्युत अभियंते आहेत. त्यांना प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं, आणि बहुतेक वेळा सापडतंही. जे पुढे लिहिते आहे त्याचं कारण त्यांनाही सापडलेलं नाही.

माझं माहेर निलंग्याचं. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी जुईला घेऊन माहेराहून नांदेडला परतत होते. जुई तेव्हा चार वर्षांची. बसनं या, असं यजमानांनी बजावलं होतं. पण जुईनं आगगाडीचा हट्ट धरला, म्हणून आम्ही लातूर रोडला पॅसेंजर धरली — परळीमार्गे नांदेडला जाणारी. प्रवासात सुटसुटीत म्हणून मी पंजाबी ड्रेस घातला होता. फिकट निळा. हा तपशील आवर्जून लिहिते आहे.

लातूर रोड आणि परळी यांच्या मध्ये एक लहान स्टेशन लागतं. मी त्याला इथे सारोळा रोड म्हणते. खरं नाव वेगळं आहे. नावापुढे ‘रोड’ असलं की आमच्याकडे समजून घ्यायचं, गाव लांब आहे. इमारत निजामाच्या काळातली, काळ्या दगडाची. आता तिला पिवळा रंग फासला आहे. दाराच्या कमानीवर कोरलेली उर्दू अक्षरं रंगाच्या थरांखाली गेली आहेत, तरी बोट फिरवलं तर त्यांची वळणं लागतात. बायकांच्या वेटिंग रूमला कुलूप असतं. वाफेच्या इंजिनांना पाणी पाजणारा, सोंडेसारखा वाकलेला लोखंडी नळ अजून एका टोकाला उभा आहे, चिमण्यांनी त्याच्या तोंडात घरटं केलं आहे. माझे वडील सांगायचे, त्यांच्या लहानपणी इथून भुईमूग आणि कापूस रवाना व्हायचा आणि मालधक्क्यापाशी बैलगाड्यांची रांग लागायची. आता इथे पॅसेंजर तेवढ्या थांबतात. तिकिटाची खिडकी गाडीच्या जरा आधी उघडते आणि गाडी गेली की मिटते. एक्स्प्रेस गाड्या धूळ उडवत निघून जातात.

प्लॅटफॉर्म एकच. पॅसेंजर त्याला लागते. तिच्या पलीकडे मुख्य रूळ, आणि त्या रुळाच्याही पलीकडे कडुलिंबाची झाडं व त्यांच्या सावलीत एक हापसा. उन्हाळ्यात प्लॅटफॉर्मवरचा नळ कोरडा पडतो, हापशाला मात्र गोड पाणी असतं. मार्ग एकेरी, समोरून गाडी येणार असली की आपली गाडी इथे थांबवून ठेवतात. त्याला सगळे ‘क्रॉसिंग’ म्हणतात. आणि सारोळा रोडला क्रॉसिंग पडलं की अर्धी पॅसेंजर उलट्या बाजूनं खाली उतरते, मुख्य रूळ ओलांडते आणि हापशावर जाते. तसं करू नये हे प्रत्येकाला ठाऊक असतं. पण तहान असते, आणि पाणी तिकडे असतं...

आमच्या समोरच्या बाकावर अहमदपूरकडच्या एक मावशी होत्या. गळ्यात लिंगाची चांदीची डबी, कपाळावर भस्माचे पट्टे, नऊवारीचा कासोटा घट्ट. नातीला घेऊन परळीला लेकीकडे निघाल्या होत्या. नात जुईच्याच वयाची, भाग्या नावाची. तिच्या फ्रॉकचा पट्टा त्यांनी आपल्या पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला होता.

“ही अशी बांधून का ठेवली, मावशी?” मी विचारलं.

“मग काय करू? ही पोर न्हाई, पारा हाय. टेशनात, जत्रंत पोर पदरालाच बांधावं. आमच्या सासूनं आमच्या पोरांला असंच वागवलं. तुझी मोकळीच हाय की.”

“ती माझा हात सोडत नाही.”

“आता न्हाई सोडत. कुल्फीवाला दिसू दे, मंग बघ!” आणि माझ्या ओढणीचं टोक दोन बोटांत चिमटून त्या म्हणाल्या, “आन् ह्याला गाठ तरी बसती का? निसरडं मेलं. शिकल्यासवरल्या तुमी बाया, पदरच ठिवला न्हाई.”

डब्यातले लोक हसले. मीही हसले. जुईला फार मौज वाटली. तिनं माझ्या ओढणीची गाठ मारून पाहिली, ती लगेच सुटली.

दुपार भरात होती. खिडकीच्या गजांना हात लावता येत नव्हता. काळ्या रानांवरून येणारा वारा तव्यावरून उठल्यासारखा लागायचा; त्यात तापलेल्या खडीचा, ऑईलचा आणि कुणाच्या तरी डब्यातल्या शेंगदाण्याच्या चटणीचा वास मिसळला होता. सारोळा रोडला गाडी थांबली आणि कुणीतरी ओरडलं, “क्रॉसिंग हाय! परळीकडून मालगाडी येऊन राहिली!”

आमच्या बाटलीत पाणी उरलं नव्हतं. जुईचे ओठ सुकले होते. मावशींनी पितळी तांब्या काढला आणि मला म्हणाल्या, “चल गं, लई टाईम असतो ह्येला.” सगळ्यांबरोबर आम्हीही उलट्या बाजूनं उतरलो, रूळ ओलांडला आणि सावलीत गेलो.

ते पाणी मला अजून आठवतं. पहिल्या धारेला लोखंडाची चव, दुसऱ्या धारेला दगडाची, आणि मग नुसता गारवा. मावशी हापसत होत्या, आलटून पालटून सगळे पीत होते. पोरींचे हातपाय धुवायचे म्हणून मावशींनी भाग्याची गाठ सोडली. दोघी पोरी धारेखाली हात धरून खिदळत होत्या. मी बाटली भरत होते.

तेवढ्यात भोंगा वाजला. लांब, ताणलेला, आणि लगेच पुन्हा.

“आली, आली! चला!”

मालगाडी मध्ये आडवी आली की आपण या बाजूला अडकणार, ती गेली की पॅसेंजर लगेच सुटणार — ही धास्ती एकाच वेळी सगळ्यांच्या मनात उठली. शहाणपण असं की जागच्या जागी थांबावं. पण सारोळा रोडला कुणी थांबत नाही. मालगाडी यायच्या आत पलीकडे पळायचं, ही इथली रीतच पडून गेली आहे. बायका, म्हातारे, पिशव्या, तांबे... सगळे एकदम रुळाकडे धावले. मी खाली वाकून ओला, चिमुकला हात धरला आणि पळाले. खडीतून पाय मुरगळत होते. त्या बाजूला प्लॅटफॉर्म नसल्यामुळे डब्याची पायरी छातीइतकी उंच होती. वरच्या एका माणसानं पोरीला उचलून घेतलं, मला हात दिला. मी दारात उभी राहिले, दम घेतला, मागून मावशीही चढल्या, आणि मी पोरीच्या केसांवरून हात फिरवला.

केस कुरळे होते.

जुईचे केस सरळ आहेत. ज्या हाताची नखं मी आदल्याच दिवशी कापली होती, तो हा हात नव्हे, हे माझ्या हाताला कळलं नव्हतं.

मावशी माझ्याकडे बघत होत्या. त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता. “ही तर आमची भाग्या... तुझी कुठंय गं?”

मी वळले. रुळापलीकडे, हापशाच्या ओल्या ओट्यावर, पिवळ्या फ्रॉकमधली जुई एकटी उभी होती. तिनं मला पाहिलं. तिचं तोंड रडण्यासाठी उघडलं आणि ती माझ्या दिशेनं पहिलं पाऊल टाकायला निघाली... आणि आमच्या मध्ये इंजिन शिरलं.

मी उडी घेतली असती. माझं एक पाऊल पायरीवरून सुटलंही होतं. मावशींनी मागून माझ्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी घातली. कष्टाचे हात ते. मी नखांनी ओरबाडले तरी सुटले नाहीत.

“सोडा मला! ती येतेय माझ्याकडे! ती येतेय!”

“मरशील! धरा रे हिला कुणीतरी!”

मी ओरडत होते — “जुई, थांब! येऊ नको!” — पण रिकाम्या डब्यांच्या त्या गडगडाटात माझा आवाज माझ्याच कानांपर्यंत पोचत नव्हता. डब्यांमागून डबे, आणि दोन डब्यांच्या मध्ये ती फट. मी फटींतून बघत राहिले. जे पाहिलं ते तुकड्यातुकड्यांत पाहिलं. मध्ये दर वेळी काळं लोखंड होतं. तरी जे दिसलं ते स्वच्छ उन्हात दिसलं.

एका फटीत, ओट्यावरून खाली उतरलेली जुई, हात पुढे केलेले.

मग लोखंड.

पुढच्या फटीत एक बाई. पाठमोरी. जुईपुढे वाकलेली. अंगावर लुगडं, विटलेल्या आमसुली रंगाचं, डोक्यावरून पदर. तिचे कोपर हलत होते, बायका पोरांचे नाडे बांधताना हलतात तसे.

लोखंड.

मग जुई पुन्हा एकटी. रुळाकडे झेपावणारी, अंग पुढे फेकलेलं, आणि तरीही जागच्या जागी... वाऱ्यात ताणलेल्या पतंगासारखी. मागून तिला काहीतरी धरून होतं. पुढच्या प्रत्येक फटीत तेच — पिवळा फ्रॉक, पुढे आलेले हात, आणि ती ओढ. बाई त्यानंतर मला दिसली नाही.

शेवटचा डबा गेला. मावशींचे हात सैल झाले. मी कशी उतरले, आठवत नाही.

जुईच्या फ्रॉकचा पट्टा पदराच्या एका लांब चिंधीनं हापशाच्या लोखंडी दांड्याला बांधलेला होता. ती ओढत राहिल्यामुळे फ्रॉकची कमरेपाशी शिवण उसवली होती. तिच्या पायांपासून रूळ एका मोठ्या माणसाच्या ढांगेवर होता. चिंधी तेवढीच होती. आणखी वीतभर लांब असती तर...

गाठ बोटांनी सुटेना. शेवटी दातांनी सोडवली. कापड दमट होतं, त्याला घामाची खारट चव होती. आणि ऊब होती, पण उन्हातल्या कपड्याला असते ती नव्हे. अंगावरून नुकत्याच उतरवलेल्या कपड्याची ऊब वेगळी असते, ती कुठल्याही बाईला कळते.

मावशी मागोमाग आल्या होत्या. त्यांनी आधी आपला पदर उलगडून पाहिला. तो अख्खा होता. गाडीतून आलेल्या बायका आपापले पदर चाचपत एकमेकींकडे बघत राहिल्या. आमच्याबरोबर सगळेच गाडीकडे धावले होते. झाडांखाली कुणी उरलं नव्हतं. मागे नांगरलेलं उघडं रान, नजर जाईल तिथवर काळं आणि सपाट. एक झुडूप नाही, बांध नाही. त्या रानातून चालत जाणारी बाई निदान पाव तास तरी दिसत राहिली असती.

न थांबणाऱ्या गाडीची चाकं नीट आहेत ना, हे बघायला स्टेशनातला एक माणूस हिरवा झेंडा घेऊन रुळाच्या बाजूला उभा राहतो. त्या दिवशीही तो झाडांच्याच बाजूला, थोडा लांब उभा होता. मी त्याच्याकडे गेले. मला बघून तोच आधी बोलला.

“मॅडम, पोरगी दिसली तवा माझं काळीज हाललं होतं. वरडणार होतो. पण बाई होती ना जवळ, म्हून वरडलो न्हाई.”

“कुठली बाई? कशी होती?”

“आता ते कसं सांगू? मी चाकं बघून राहिलो होतो. पाठमोरी होती. मला वाटलं, तिची माय असंल.”

“कुठे गेली ती?”

त्यानं झाडांकडे पाहिलं, रानाकडे पाहिलं, आणि झेंडा गुंडाळू लागला. इथे पूर्वी कुणी बाई, कुणाचं लेकरू गाडीखाली... असं काही झालं होतं का, असंही मी विचारून घेतलं. एखादी जुनी गोष्ट मिळाली असती तर मला बरं वाटलं असतं. भयाला निदान नाव मिळालं असतं. तो म्हणाला, “मी हितं लई वर्सं हाव. असं काय ऐकलं न्हाई बघा.”

स्टेशनमास्तर घामाघूम होऊन रूळ ओलांडत आले. “तुम्ही लोक उलट्या बाजूनं उतरताच का? किती वेळा सांगायचं?”

“मास्तर,” मावशी त्यांच्यावर उखडल्या, “आधी तुमच्या नळाला पाणी आणा, मंग आमाला शिकवा!” आणि मग माझ्याकडे वळून त्यांनी माझ्या हातातली चिंधी काढून घेतली. “हे घरी न्यू नको. जिचं हाय तिच्यापाशी ऱ्हाऊ दे.” त्यांनी ती कडुलिंबाच्या खालच्या फांदीला बांधली, हात जोडले. मीही जोडले. माझ्या हातांनी ते माझ्या परवानगीशिवाय केलं.

गाडी सुटली. जुई माझ्या मांडीवर झोपून गेली, मुठीत माझी ओढणी धरून. परळीला उतरताना मावशींनी माझ्या गालावरून हात फिरवला. त्यांच्या मनगटावर माझ्या नखांचे लाल ओरखडे होते. त्याबद्दल मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, “पोरीला काही इचारू नको बरं का. धसका बसंल. तिची ती सांगंल, सांगायचं तवा.”

मी विचारलं नाही. घरी आल्यावर सासूबाईंनी मीठमोहऱ्या उतरवल्या, त्यांनीही तेच बजावलं. यजमानांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “जवळच्या वस्तीवरची कुणीतरी असेल. बांधलं आणि गेली.” पुढच्या आठवड्यात ते मोटारीनं एकटेच सारोळा रोडला जाऊन आले. आसपासच्या वस्त्यांवर त्यांनी चौकशी केली. त्या दुपारी हापशावर गेलेली, पदर फाडलेली बाई कुणाला ठाऊक नव्हती. फांदीला चिंधी होती का, असं मी विचारलं. ते म्हणाले, होती, रंग आमसुलीच. “कुणीतरी असणारच,” एवढंच म्हणाले, पण तो आवाज सांगणाऱ्याचा नव्हता.

तीन वर्षं गेली. जुई आता दुसरीत आहे. ती गाडीला भीत नाही, पाण्याला भीत नाही; रात्री दचकून उठत नाही. धसका बसला असेल तर तो मलाच. सारोळा रोडचं नाव आमच्या घरात निघत नाही. मी मनाशी त्या बाईला एक चेहरा देऊन ठेवला होता — वयस्क, सुरकुतलेला, मावशींसारखा — आणि मनातल्या मनात तिला कितीदा नमस्कार केला आहे.

गेल्या रविवारी सकाळी मी जुईची वेणी घालत होते. ती आरशापुढे बसली होती, मी मागे. तिला तेल कोमट लागतं. त्याचा वास खोलीभर होता. रिबिनीची गाठ मारताना ती सहज म्हणाली, “आई, इतकी घट्ट नको. तेव्हा हापशाला बांधलं होतं, तशी बांधतेस.”

माझे हात थांबले. इतकी वर्षं थोपवलेला प्रश्न ओठांवर आला, आणि मला तो मागे घेता आला नाही. आवाज शक्य तितका साधा ठेवून मी विचारलं, “तुला आठवतं ते? कोण होती गं ती बाई... तुला बांधणारी? तिचा चेहरा पाहिला होतास का तू?”

जुईनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी वेडगळ विचारल्यासारख्या तिच्या भुवया उंचावल्या. ती थोडी हसलीसुद्धा. आणि म्हणाली —

“तू.”